वर्तुळाची व्याख्या नेमकी कुठे बदलली?

प्रश्न असा आहे : शाळेच्या पुस्तकात 'प्रतलातील एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असणाऱ्या सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ' असं लिहिलेलं असतं. युक्लिडची व्याख्या काढून पाहिली तर तिथे संच नाही, त्रिज्येचा आकडा नाही, आणि वर्तुळ ही नुसती कड नसून भरीव आकृती आहे. मग ही व्याख्या कधी आणि का बदलली? जुनी चुकीची होती का? आणि केंद्राचं नाव न घेता वर्तुळाची व्याख्या करता येते का?

आधी थेट उत्तर देतो. जुनी व्याख्या चुकीची नव्हती. 'मधल्या एका बिंदूपासून सगळीकडे सारखं अंतर' हा गाभा सव्वादोन हजारांहून जास्त वर्षं जागचा हललेला नाही. बदलली ती वाटणी : व्याख्येत काय गृहीत धरायचं आणि पुढे प्रमेय म्हणून काय सिद्ध करायचं. युक्लिडने जे व्याख्येतच टाकलं त्यातलं बरंचसं आज आपण सिद्ध करतो, आणि त्याला जे बोलून दाखवायचीही गरज वाटली नाही ते आज उघडपणे मांडावं लागतं. बरीच वर्षं भूमिती शिकवल्यावर मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

व्याख्येच्या आधी कृती होती. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदींच्या मोजमापाच्या प्राचीन ग्रंथांत, वेदी आखायला खुंटी आणि दोरी वापरली आहे. खुंटी रोवायची, दोरीचं एक टोक तिला अडकवायचं आणि ताणलेली दोरी फिरवायची. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाइतक्या क्षेत्रफळाचं वर्तुळ काढण्याची रीतही दिली आहे. चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी घ्या, ती बाजूच्या मध्याच्या दिशेने वळवा, बाजूच्या बाहेर जेवढी जाते तिचा तिसरा भाग मध्यापासून बाजूपर्यंतच्या लांबीत मिळवा, आणि तेवढ्या त्रिज्येने वर्तुळ काढा. चौरसाची बाजू २ घेतली तर ही त्रिज्या (२ + √२)/३, म्हणजे सुमारे १.१३८ येते आणि क्षेत्रफळ सुमारे ४.०७ भरतं. हवं होतं ४. दोन टक्क्यांच्या आतली ही चूक दोरीच्या कामाला चालण्यासारखी आहे. पण वर्तुळ म्हणजे काय, हे इथे कुणी सांगत नाही. दोरी फिरली की ते समोर येतं.

आर्यभटाचंही तसंच. इ.स. ४९९ च्या सुमाराच्या 'आर्यभटीया'त तो 'वृत्तं भ्रमेण साध्यम्' एवढंच म्हणतो : वर्तुळ फिरवून साधायचं. परीघ आणि व्यास यांचं ६२८३२ : २०००० हे गुणोत्तर देणारा, आणि ते 'आसन्न' आहे हे बजावून सांगणारा हा गणिती व्याख्येपाशी थांबत नाही, कारण त्याला वर्तुळ काढायचं आणि मोजायचं आहे.

गुणधर्म सांगणारी वाक्यंही तितकीच जुनी आहेत. प्राचीन चीनमधल्या मोहवादी (मो-त्झू या विचारवंताच्या अनुयायांच्या) परंपरेच्या सूत्रांत वर्तुळाबद्दल 'एक मध्य, सारखी लांबी' असं आटोपशीर वाक्य आहे. प्लेटोच्या 'पार्मेनिडीज' या संवादात गोल म्हणजे ज्याची कड मध्यापासून सगळीकडे सारखी दूर आहे ते, असं येतं. म्हणजे युक्लिडच्या आधीच दोन वाटा तयार होत्या. एक कृतीची, दुसरी गुणधर्माची. कृतीमुळे वर्तुळ अस्तित्वात आहे याची खात्री पटते, पण तिच्यावरून सिद्धता रचता येत नाही. गुणधर्म सिद्धतेत वापरता येतो, पण तसा गुणधर्म असलेली वस्तू खरोखर आहे का हे तो सांगत नाही.

युक्लिडने (इ.स.पू. ३०० च्या सुमारास, अलेक्झांड्रिया) हे दोन भाग वेगळे केले, आणि ते किती विचारपूर्वक केले हे मला दर वेळी नव्याने जाणवतं. त्याच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या खंडातली १५ वी व्याख्या गुणधर्माची आहे : वर्तुळ म्हणजे एकाच रेषेने वेढलेली अशी प्रतलीय आकृती, की आकृतीच्या आतल्या एका बिंदूपासून त्या रेषेपर्यंत काढलेल्या सर्व सरळ रेषा परस्परांशी समान असतात. १६ वी व्याख्या त्या बिंदूला केंद्र म्हणते. आणि असं वर्तुळ काढता येतं, कुठलंही केंद्र आणि कुठलंही अंतर घेऊन काढता येतं, हे तो व्याख्येत घुसडत नाही. त्यासाठी तिसरं गृहीतक स्वतंत्रपणे मांडतो. दोरी आणि खुंटी त्या गृहीतकात गेली. (संस्कृतात युक्लिड आला तो अठराव्या शतकात, जगन्नाथ सम्राटांच्या 'रेखागणिता'तून, नासिरुद्दीन तुसीच्या अरबी संस्करणावरून.)

आता ही व्याख्या जवळून पाहू. युक्लिड म्हणतो की कडेवरचे सगळे बिंदू केंद्रापासून सारख्या अंतरावर आहेत. तेवढ्या अंतरावरचे सगळे बिंदू कडेवर आहेत, असं तो म्हणत नाही. ही दोन वेगळी विधानं आहेत. अर्धवर्तुळाच्या कंसावरचे सगळे बिंदूही केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतात, पण म्हणून तो कंस पूर्ण वर्तुळ होत नाही. मग युक्लिडचं निभतं कसं? 'वेढलेली' या अटीवर. समजा प हा बिंदू केंद्रापासून बरोबर त्रिज्येइतका दूर आहे. केंद्रातून प च्या दिशेने जाणारा किरण घ्या. केंद्र आत आहे आणि आकृती सगळीकडून वेढलेली आहे, तेव्हा किरणाला बाहेर पडताना कड ओलांडावीच लागते. ज्या बिंदूत तो ती ओलांडतो तो केंद्रापासून त्रिज्येइतकाच दूर असणार, कारण तो कडेवर आहे. एकाच किरणावर केंद्रापासून तेवढ्या अंतरावर बिंदू एकच. म्हणजे तो प च. झालं सिद्ध.

आजच्या व्याख्येत 'सर्व बिंदू' हा शब्द हेच काम व्याख्येतच करून टाकतो. उत्तरपत्रिकेत हा 'सर्व' गळला की कंसही व्याख्येत बसतो, आणि 'प्रतलातील' गळलं की संपूर्ण गोल बसतो. उलट, आजची व्याख्या एक मोठी गोष्ट सोडून देते : हा संच म्हणजे एक सलग, बंद वक्र आहे आणि तो प्रतलाचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग करतो, हे ती गृहीत धरत नाही. ते सिद्ध करावं लागतं. युक्लिडने जिथे वेढा गृहीत धरून 'सर्व' मिळवलं, तिथे आपण 'सर्व' गृहीत धरून वेढा मिळवतो.

आणखी एक. व्याख्या 'एक बिंदू' म्हणते. असा बिंदू एकच असतो असं म्हणत नाही. ते काम तिसऱ्या खंडाचं. त्यातलं पहिलंच विधान दिलेल्या वर्तुळाचं केंद्र शोधण्याचं आहे, आणि नववं तर फार सुंदर आहे : आतल्या एखाद्या बिंदूपासून वर्तुळापर्यंत दोनपेक्षा जास्त समान रेषा काढता आल्या, तर तोच केंद्र. व्याख्येत अट 'सर्व' रेषांची होती. एकदा वर्तुळ आहे हे ठाऊक असलं की तीन रेषा पुरतात. याउलट १७ व्या व्याख्येत व्यास म्हणजे काय ते सांगून युक्लिड पुढे जोडतो की तो वर्तुळाचे दोन समान भाग करतो. हे व्याख्येत शिरलेलं प्रमेय आहे. पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस म्हणतो की ते थेलीजने सिद्ध केलं होतं, आणि सिद्धताही देतो : एक भाग व्यासावर घडी घालून दुसऱ्यावर ठेवा, कडा जुळल्या नाहीत तर कुठेतरी एक त्रिज्या दुसरीपेक्षा लांब निघेल, आणि ते व्याख्येविरुद्ध आहे.

आता तुमचा 'आकृती की रेषा' हा मुद्दा. युक्लिडचं वर्तुळ भरीव आहे, म्हणून बाराव्या खंडात तो सरळ म्हणू शकतो की वर्तुळांचं गुणोत्तर त्यांच्या व्यासांवरच्या चौरसांइतकं असतं. पण तोच तिसऱ्या खंडात म्हणतो की एक वर्तुळ दुसऱ्याला दोनपेक्षा जास्त बिंदूंत छेदत नाही. भरीव चकत्या दोन बिंदूंत छेदत नाहीत, त्यांचा सामाईक भाग एक अख्खं क्षेत्र असतो. इथे त्याच्या मनात कड आहे. म्हणजे हा दुहेरी वापर थेट युक्लिडपासूनचा आहे. लजांद्रने १७९४ च्या आपल्या भूमितीत दोन्ही वेगळे केले : परीघ म्हणजे सर्व बिंदू केंद्रापासून समदूर असलेली वक्ररेषा, वर्तुळ म्हणजे तिने वेढलेली जागा. समीकरणं आणि बिंदुपथ यांच्या भाषेत मात्र कड हीच मुख्य वस्तू ठरली.

आपली पुस्तकं कडेची व्याख्या देतात आणि चार प्रकरणांनंतर 'वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा' म्हणतात. काटेकोर बोलायचं तर कडेचं क्षेत्रफळ शून्य. तिथे वर्तुळाने वेढलेल्या भागाचं क्षेत्रफळ अपेक्षित असतं, आणि विद्यार्थ्याने विचारलं तर शिक्षकाने ते स्पष्ट सांगावं. हा प्रश्न फाटे फोडणारा नाही, चांगला आहे. अंतर त्रिज्येइतकं असेल तर कड, त्रिज्येइतकं किंवा कमी असेल तर कडेसह चकती, आणि फक्त कमी असेल तर कडेविना चकती. शेवटच्या दोहोंतला फरक शाळेत बिनमहत्त्वाचा वाटतो, पण विश्लेषणात सगळा खेळ तिथेच आहे. १ + क्ष + क्ष² + क्ष³ + … ही श्रेणी संमिश्र संख्यांच्या प्रतलात १ त्रिज्येच्या वर्तुळाच्या आत सगळीकडे अभिसरते, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाते, आणि कडेवर कुठेच नाही.

युक्लिडच्या मांडणीत खरी फट आहे ती व्याख्येत नाही, तिच्या पहिल्याच वापरात आहे. पहिल्या खंडाचं पहिलं विधान : दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढा. रेषाखंड अब. केंद्र अ आणि त्रिज्या अब घेऊन एक वर्तुळ, केंद्र ब घेऊन दुसरं. ती जिथे छेदतात तो क. पण ती छेदतात कशावरून? आकृतीत दिसतं म्हणून. व्याख्येत किंवा गृहीतकांत याला काहीही आधार नाही.

शंका उगाच काढलेली नाही, हे एका उदाहरणाने पटेल. असं प्रतल घ्या की ज्यात फक्त परिमेय निर्देशक असलेले बिंदू आहेत. अ हा (०, ०) आणि ब हा (१, ०). दोन्ही वर्तुळं १ त्रिज्येची. दोघांचेही भरपूर बिंदू या प्रतलात आहेत. (३/५, ४/५) पहिल्यावर आहे, (२/५, ४/५) दुसऱ्यावर. ती कुठे भेटतात ते पाहू. क्ष² + य² = १ आणि (क्ष − १)² + य² = १. वजाबाकी केली की क्ष = १/२, आणि मग य = ±√३/२. √३ अपरिमेय आहे, म्हणजे हा बिंदू या प्रतलात नाही. दोन वर्तुळं एकमेकांना ओलांडून जातात आणि एकही बिंदू सामाईक नाही! आजची व्याख्या इथे आणखी पुढे नेता येते. क्ष² + य² = ३ या समीकरणाला परिमेय उत्तरच नाही, तेव्हा या प्रतलात उगमबिंदूपासून √३ अंतरावरच्या बिंदूंचा संच चक्क रिकामा आहे.

म्हणजे वर्तुळाचा सलगपणा वर्तुळाच्या व्याख्येतून येत नाही, तो प्रतलाच्या बिंदूंमध्ये असावा लागतो. हे नीट उलगडायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. डेडेकिंडने १८७२ मध्ये वास्तव संख्यांचं सातत्य काटेकोर मांडलं आणि हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीची गृहीतकं नव्याने लावताना सातत्याची गृहीतकं वेगळी काढून दाखवली. व्याख्येतलं एक अक्षर न बदलता तिच्याखालची जमीन पक्की केली गेली.

समीकरणाकडे मी मुद्दाम उशिरा आलो, कारण शाळेत ते फार सोपं करून दाखवलं जातं. सतराव्या शतकात देकार्त आणि फर्मा यांनी वक्रांना समीकरणं जोडली. देकार्तची भूमिती १६३७ ची, आणि फर्माचा निबंध त्याच सुमाराचा असला तरी छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्ये. युक्लिडची त्रिज्या हा रेषाखंड होता. आता ती संख्या झाली. क्ष² + य² = र² हे पायथागोरसचं प्रमेयच आहे, पण त्याचा उपयोग फिरवला गेला : जे प्रमेय होतं ते अंतराची व्याख्या होऊन बसलं.

आणि समीकरण एकदा हातात आलं की ते आपल्या मर्जीने कुठे थांबत नाही. क्ष² + य² + ४क्ष + ६य + २० = ० घ्या. पूर्ण वर्ग केला की (क्ष + २)² + (य + ३)² = −७. केंद्र आहे, (−२, −३). त्रिज्येचा वर्ग ऋण. बिंदू एकही नाही. हे वर्तुळ म्हणायचं का? युक्लिडच्या व्याख्येने नाही. पण पाँस्ले याने १८२२ च्या ग्रंथात दाखवलं की अशा काल्पनिक (निर्देशक संमिश्र संख्या असलेल्या) बिंदूंना जागा दिली तर भूमिती सोपी होते. (या कामाची सुरुवात त्याने नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेनंतर सारातोवला युद्धकैदी असताना केली होती.) दोन शांकव (शंकूच्या छेदातून मिळणारे वक्र, वर्तुळ त्यांतलंच एक) साधारणपणे चार बिंदूंत छेदतात, दोन वर्तुळं मात्र दोनच बिंदूंत. उरलेले दोन गेले कुठे? ते अनंतावर आहेत आणि काल्पनिक आहेत, आणि प्रतलातलं प्रत्येक वर्तुळ त्याच दोन बिंदूंतून जातं. मग व्याख्या उलटी करता येते : त्या दोन ठरलेल्या बिंदूंतून जाणारा शांकव म्हणजे वर्तुळ. यात केंद्र नाही, त्रिज्या नाही, समान अंतर नाही. तीन नैकरेषीय बिंदूंतून एकच वर्तुळ का जातं याचं उत्तरही इथे आपोआप मिळतं. शांकव ठरवायला पाच बिंदू लागतात, आणि दोन आधीच दिलेले आहेत.

मात्र सगळ्यात खोल बदल झाला तो 'अंतर' मोकळं सोडल्यावर. गोलाच्या पृष्ठभागावर राहून, पृष्ठभागावरूनच अंतर मोजायचं ठरवलं तर अक्षवृत्तं ही उत्तर ध्रुव केंद्र असलेली वर्तुळं आहेत. विषुववृत्त घ्या. ध्रुवापासून ते सुमारे १०,००० किलोमीटर दूर, ही त्रिज्या. व्यास २०,०००. परीघ ४०,०००. परीघ भागिले व्यास बरोबर २, पाय नव्हे. शिवाय दक्षिण ध्रुवही त्याच वर्तुळाचं केंद्र आहे. केंद्र एकच असतं हे युक्लिडच्या प्रतलाचं प्रमेय होतं, वर्तुळाचा स्वभाव नव्हता. आणि प्रतलाचा परीघ २ × पाय × त्रिज्या इतका यावा, त्याहून इथला परीघ किती कमी भरतो, यावरून पृष्ठभागाची वक्रता मोजता येते. लहान वर्तुळांसाठी ही तूट त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे वर्तुळ हे जागेची परीक्षा घेण्याचं साधन झालं. अतिपरवलयिक भूमितीत, म्हणजे जिथे एका बिंदूतून दिलेल्या रेषेला अनेक समांतर रेषा काढता येतात तिथे, उलट होतं, परीघ जास्त भरतो. आणि तिथे तीन नैकरेषीय बिंदूंतून वर्तुळ जाईलच असं नाही. फार्कास बोयाई याने दाखवलं होतं की कुठल्याही तीन नैकरेषीय बिंदूंतून वर्तुळ जातं हे विधान समांतर रेषांच्या गृहीतकाशी सममूल्य आहे. शाळेत आपण लंबदुभाजक काढून परिवर्तुळ सहज काढतो, त्यामागे एवढं मोठं गृहीतक उभं आहे.

फ्रेशे याने १९०६ मध्ये हे टोकाला नेलं. अंतर म्हणजे काय ते सूत्राने न सांगता त्याने फक्त अटी घातल्या : दोन वेगळ्या बिंदूंतलं अंतर धन, जाता-येता सारखं, आणि मध्ये तिसऱ्या बिंदूला वळसा घातल्याने कमी न होणारं. एवढ्यावर 'केंद्रापासून र अंतरावरचे सर्व बिंदू' हे वाक्य अर्थपूर्ण होतं. आता फक्त आडवं आणि उभं चालता येतं असं माना. अंतर म्हणजे आडव्या आणि उभ्या फरकांची बेरीज. उगमबिंदूपासून १ अंतरावरचे बिंदू कुठले? (१, ०), (१/२, १/२), (०, १)… जोडत गेलात की टोकावर उभा चौरस मिळतो. त्याच अंतराने त्याची प्रत्येक बाजू २ भरते, परीघ ८, व्यास २, गुणोत्तर ४. वर्गात मुलं पहिल्यांदा याला वर्तुळ म्हणायला तयार होत नाहीत. पण व्याख्येतली एकही अट मोडलेली नाही. गोलसर दिसणं हे कधीच व्याख्येत नव्हतं, ते पायथागोरसच्या अंतरातून येत होतं.

याहून विलक्षण अंतरही आहे. दोन पूर्णांकांच्या फरकाला ५ चा जितका मोठा घात भाग देईल तितके ते जवळ, असं माना. ३ आणि २८ यांचा फरक २५, म्हणून ते ३ आणि ४ पेक्षा जास्त जवळचे. ३ पासून निदान २५ ने भाग जाण्याइतक्या जवळच्या संख्यांची चकती घ्या : ३, २८, ५३, ७८, −२२ वगैरे. आता केंद्र २८ घेऊन तेवढीच चकती काढा. तीच मिळते. ५३ घ्या, पुन्हा तीच. चकतीतला प्रत्येक बिंदू तिचं केंद्र आहे! युक्लिडच्या तिसऱ्या खंडाचं पहिलं विधान, केंद्र शोधा, इथे कुठूनही सुरू करून कुठेही सुटतं.

राहिला शेवटचा प्रश्न : केंद्राशिवाय व्याख्या. एक वर दिली, अनंतावरच्या दोन बिंदूंची. जुन्यांपैकी अपोलोनियसच्या नावाने ओळखली जाणारी सर्वांत देखणी. दोन स्थिर बिंदू घ्या आणि त्यांच्यापासूनच्या अंतरांचं गुणोत्तर १ सोडून कुठलंही ठरवा. तेवढं गुणोत्तर राखणारे सर्व बिंदू वर्तुळावर असतात. अ (०, ०), ब (३, ०), आणि अ पासूनचं अंतर ब पासूनच्या दुप्पट. क्ष² + य² = ४[(क्ष − ३)² + य²]. सोडवलं की (क्ष − ४)² + य² = ४. केंद्र (४, ०), त्रिज्या २. दिलेल्या दोन्ही बिंदूंपैकी एकही केंद्र नाही. कोनाची व्याख्याही लोक सुचवतात : ज्या बिंदूंपाशी अब हा रेषाखंड ठरावीक कोन करतो ते सर्व. काटकोन असेल तर अ आणि ब वगळून वर्तुळ मिळतं, पण दुसरा कोन घेतला तर अब च्या दोन्ही बाजूंना एकेक कंस मिळतो आणि ते दोन वेगळ्या वर्तुळांचे असतात. प्रमेय म्हणून ते उत्तम, व्याख्या म्हणून अडचणीचं.

वक्रतेची व्याख्या मला सगळ्यात नैसर्गिक वाटते. वक्रावरून चालताना दिशा बदलण्याचा वेग सगळीकडे सारखा आणि शून्याहून वेगळा असेल, तर प्रतलात तो वक्र वर्तुळाचाच भाग असतो. प्रत्येक बिंदूपासून आतल्या बाजूला, स्पर्शिकेला लंब दिशेत, १ भागिले वक्रता इतकं अंतर जा. चालता चालता तो आतला बिंदू हलत नाही हे विकलनाने एका ओळीत निघतं. केंद्र गृहीत नव्हतं, ते उत्तर म्हणून आलं. 'प्रतलात' ही अट मात्र सोडायची नाही. अवकाशात मळसूत्री वक्राचीही वक्रता स्थिर असते.

दिलेल्या परिघात सर्वाधिक क्षेत्रफळ वेढणारा वक्र, ही व्याख्याही चालते. श्टायनरने १८३८ मध्ये दाखवलं की वर्तुळ सोडून कुठलाही वक्र घेतला तरी त्याहून जास्त वेढणारा वक्र बनवता येतो. पण म्हणून वर्तुळ सर्वोत्तम ठरत नाही, जोवर सर्वोत्तम वक्र मुळात आहे हे सिद्ध होत नाही. ती उणीव पुढे वायरश्ट्रासने भरून काढली. युक्लिडने तिसरं गृहीतक वेगळं का ठेवलं असेल ते इथे नीट कळतं.

एक फसवी व्याख्या टाळा : 'सगळ्या दिशांनी रुंदी सारखी असलेली आकृती.' समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक शिरोबिंदूवर केंद्र ठेवून समोरच्या दोन शिरोबिंदूंमध्ये कंस काढला की रुलोचा त्रिकोण तयार होतो. दोन समांतर पट्ट्यांमध्ये तो कसाही फिरवला तरी त्यांच्यातलं अंतर तेच राहतं. बार्बिएने १८६० मध्ये सिद्ध केलं की समान रुंदीच्या अशा प्रत्येक आकृतीचा परीघही पाय गुणिले रुंदी इतकाच असतो. म्हणून एखादी वस्तू गोल आहे का हे फक्त व्यास मोजून ठरवता येत नाही, कितीही दिशांनी मोजला तरी.

या अटीत एक भर घातली तर मात्र ती पुरते : आकृती बहिर्वक्र आणि एखाद्या बिंदूभोवती सममित असावी, म्हणजे अर्धा फेरा फिरवल्यावर स्वतःवर तंतोतंत बसावी. सिद्धता दोन ओळींची आहे. त्या बिंदूपासून एखाद्या दिशेच्या स्पर्शिकेचं अंतर आणि उलट दिशेच्या स्पर्शिकेचं अंतर सममितीमुळे समान, आणि दोघांची बेरीज म्हणजे रुंदी, जी स्थिर आहे. तेव्हा प्रत्येक स्पर्शिका त्या बिंदूपासून रुंदीच्या बरोबर निम्म्या अंतरावर आहे, आणि अशी बहिर्वक्र आकृती वर्तुळाखेरीज दुसरी नसते.